मळका लवणस्तंभ निवडा: गुहेतल्या दगडातून पृथ्वीचं जुनं चुंबकत्व कसं वाचायचं

टेबलावर दोन चकत्या आहेत असं समजा. दोन्ही चुनखडकाच्या गुहेतल्या ऊर्ध्वमुखी, म्हणजे जमिनीवरून वर वाढणाऱ्या, लवणस्तंभाच्या, उभ्या कापून पॉलिश केलेल्या. एक खडीसाखरेसारखी, मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार जाणारी. दुसरी दुधाच्या चहासारखी, मधूनमधून तपकिरी पट्टे असलेली, आणि दोन ठिकाणी तर चक्क चिखलाची रेघ. जुन्या पावसाचा माग काढणारा पहिली उचलेल. आपल्याला दुसरी हवी.

कारण साधं आहे. लवणस्तंभ ज्या कॅल्साइटचा बनतो त्याला स्वतःचं चुंबकत्व जवळजवळ नसतंच. उलट चुंबकीय क्षेत्राला तो अगदी किंचित विरोध करतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवतो तो त्यातला मळ. गंमत अशी, की दगडाचं वय काढायची वेळ आली की हाच मळ आडवा येतो. या कामातली निम्मी कसरत या एका पेचाभोवती फिरते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी, आणि गुहा धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींना निदान आपण काय पाहतोय ते कळावं म्हणून, हे काम पायरीपायरीने कसं होतं ते इथे सांगतो.

आधी हे समजून घ्या: सुई कुठे असते?

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, आम्लधर्मी होतं, खालचा चुनखडक विरघळवतं आणि गुहेच्या छतातून ठिबकतं. गुहेतल्या हवेत आलं की तो वायू उडून जातो आणि थेंबातलं कॅल्शियम कार्बोनेट कॅल्साइट होऊन बसतं. शाळेच्या भूगोलात आपण एवढंच शिकलो.

पण थेंब एकटा येत नाही. वरच्या मातीतले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण तो सोबत आणतो. हे कण बहुधा मायक्रॉनभर किंवा त्याहूनही लहान. लवणस्तंभाच्या माथ्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यात हा कण होकायंत्राच्या सुईसारखा त्या क्षणीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतो, आणि कॅल्साइटचा नवा थर त्याला तसाच गाडून टाकतो. गुहेत नदी शिरत असेल तर पुराचा गाळ माथ्यावर बसूनही हेच होतं. काही लोहखनिजं, उदाहरणार्थ गोएथाइट, तिथल्या तिथे पाण्यातून तयार होतात आणि वाढता वाढता दिशा पकडतात. या सगळ्या साठलेल्या चुंबकत्वाला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात.

मग तळ्यातला गाळ किंवा लाव्हा सोडून हा खटाटोप कशाला? तळ्याच्या गाळात कण बसल्यावरही काही काळ हलत राहतो, शिवाय वरच्या ओझ्याने गाळ दबतो आणि कणांचा कल सपाट होतो. लाव्हा उत्तम नोंद ठेवतो, पण फक्त थंड होतानाची. पुढचा लाव्हा हजार वर्षांनी आला तर मधली पानं कोरी. लवणस्तंभ मात्र कडक असतो, दबत नाही, शेकडो-हजारो वर्षं सलग वाढू शकतो आणि त्याचं वय थेट काढता येतं. लॅथम, श्वार्त्झ, फोर्ड आणि पिअर्स यांनी १९७९ साली 'नेचर'मध्ये लवणस्तंभांच्या पुराचुंबकत्वावर, म्हणजे त्यांत साठलेल्या जुन्या चुंबकत्वावर, शोधनिबंध लिहिला. तरी या विषयाला खरा वेग आला तो गेल्या १५-२० वर्षांत, मोजणीची यंत्रं पुरेशी संवेदनशील झाल्यावर.

आपल्याला दगडातून तीन गोष्टी काढायच्या असतात. दिक्पात, म्हणजे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती सरकली होती. नती, म्हणजे सुई क्षितिजाखाली किती झुकली होती. आणि तीव्रता. पहिल्या दोन त्यातल्या त्यात सोप्या, तिसरी अवघड.

पहिली पायरी: गुहा आणि दगड निवडणं

महाराष्ट्रात सह्याद्री बेसॉल्टचा, त्यामुळे असे लवणस्तंभ इथे शोधायला निघालात तर हाती फारसं लागणार नाही. वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसाने कोरलेली आहेत, त्यांचा इथे संबंध नाही. चुनखडकाच्या खऱ्या गुहा म्हणजे मेघालयातल्या, बस्तरमधली कोटुमसर, आंध्रातली बोरा. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेचं नाव तर पृथ्वीच्या कालगणनेतच गेलंय: सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या 'मेघालयन' कालखंडाची सीमा तिथल्या एका लवणस्तंभावर ठरवली गेली आणि २०१८ साली तिला मान्यता मिळाली. ते काम ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरचं, म्हणजे मान्सूनचं. चुंबकत्वासाठी निवडीचे निकष वेगळे.

गुहेवर मातीचा चांगला थर हवा. माती लालसर-तपकिरी असेल तर उत्तम, त्यात लोहाची खनिजं असतात. दगड शक्यतो ऊर्ध्वमुखी स्तंभ असावा, माथा रुंद आणि सपाट, आतले थर आडवे. मेणबत्तीसारखा सडसडीत स्तंभ दिसायला छान, पण त्यातून नमुन्याला माल कमी मिळतो. भिंतीवरून-जमिनीवरून पसरलेला चादरीसारखा थरही चालतो, किंबहुना कधीकधी तोच बरा, कारण एकाच वयाचे पुष्कळ नमुने शेजारीशेजारी मिळतात. छताला लोंबणारा अधोमुखी स्तंभ मात्र सोडून द्या. त्याचे थर मधल्या नळीभोवती गुंडाळलेले असतात. आडवा छेद घेतला की वेगवेगळी वयं एकत्र येतात, आणि उभ्या पृष्ठभागावर कण कसा बसला याचा भरवसा नसतो.

आता परवानगी. ही पायरी लोक घाईत उरकतात, म्हणून इथे जरा थांबतो. कोटुमसर कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथल्या खड्यालाही हात लावायचा नाही. मेघालयात बऱ्याच जमिनी कुळांच्या आणि गावांच्या मालकीच्या, त्यामुळे गावच्या दरबारशी, म्हणजे गावसभेशी, आधी बोलावं लागतं. परवानगी हातात असली तरी उभा, जिवंत, ठिबकता स्तंभ तोडायचा नाही. आधी पडलेला, मोडलेला शोधा. तसा मिळालाच नाही तर कडेच्या, वाटेवरून न दिसणाऱ्या स्तंभातून बारीक गाभा ड्रिलने काढा आणि भोक त्याच गुहेतल्या चुऱ्याने बुजवा. सेंटिमीटरभर दगड वाढायला शंभर ते हजार वर्षं लागतात. एवढा हिशोब डोक्यात असला की हात आपोआप आवरतो.

पडलेल्या स्तंभाची एक अडचण आहे. तो मुळात कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता हे कळत नाही. वर कोणती बाजू आणि खाली कोणती हे थरांच्या आकारावरून ठरवता येतं, म्हणजे नती मिळते. दिक्पाताचा खरा आकडा मात्र हातातून जातो. एका थरापासून दुसऱ्यापर्यंत दिशा किती फिरली एवढंच सांगता येतं. बुंधा जागेवर सापडला आणि तुटलेल्या कडा जुळल्या तर नशीब म्हणायचं.

दुसरी पायरी: जागेवर दिशा आखणं

दगड हलवण्याआधी दिशा आखायची. ते राहिलं तर पुढचं सगळं व्यर्थ.

स्तंभाच्या अंगावर एक सपाट जागा पुसून कोरडी करा. लेव्हलबॉटलने आडवी रेघ जुळवा, ती वॉटरप्रूफ मार्करने ओढा आणि तिच्यावर लंब काढून 'वर' असा बाण करा. मग रेघेचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, होकायंत्राने घ्या. होकायंत्र दगडाला टेकवू नका. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी रेघेला समांतर धरून फूटभर लांबून वाचा. तीन वाचनं घ्या, शक्यतो दोन वेगळ्या माणसांनी. जागेवरचा फोटो, उंची, आसपासच्या ठिबकण्याच्या जागा, सगळं वहीत. उघड्यावर दगडांची दिशा घेताना होकायंत्राची खात्री सूर्याच्या सावलीवरून करता येते. गुहेत ती सोय नाही.

इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. पहिल्या खेपेला माझी आणि जोडीदाराची वाचनं ११ अंशांनी वेगळी येत होती. अर्धा तास आम्ही एकमेकांच्या डोळ्यांवर संशय घेतला. मग लक्षात आलं, मी वाचायला वाकलो की कपाळावरचा हेडलॅम्प होकायंत्राच्या जवळ जायचा आणि त्यातली पोलादी आवरणाची बॅटरी सुई खेचायची. तेव्हापासून वाचन घेताना बॅटरीचा दिवा कुणीतरी लांबून धरतो, आणि फोन, चावी, पट्ट्याचं बक्कल पिशवीत जातं. आणखी एक खात्री करा: एक दोरी ताणून तिच्या कडेने होकायंत्र हळूहळू सरकवा. जागोजाग सुईची दिशा बदलत असेल तर खडकातच काहीतरी आहे.

शेवटी त्या जागेचा, त्या तारखेचा दिक्पात आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्राच्या प्रारूपातून काढून वाचनात मिळवा किंवा वजा करा. भारतात ही दुरुस्ती लहान असते, म्हणून अनेकजण ती विसरतात.

तिसरी पायरी: कापणं

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर, त्यांनी वाचनं बिघडू नयेत म्हणून, कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवावी लागली. तिथे लोखंड टाळून इमारत बांधली आणि १९०४ साली काम सुरू केलं. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली गेली. लोखंडाशी आपलं वैरही तसंच आहे, फक्त आपली ट्राम म्हणजे कापायची करवत.

हिऱ्याच्या पात्याने, पाणी सोडत, कमी वेगाने कापा. आधी मधल्या वाढीच्या अक्षातून एक उभी जाड फळी काढा. तिचे दोन भाग: एक चुंबकत्वासाठी, एक वयासाठी. चुंबकत्वाच्या भागातून अक्षाच्या कडेने एकाखाली एक चौकोनी तुकडे पाडा. प्रत्येकावर वरचा बाण आणि क्रमांक ताबडतोब लिहा. दहा तुकडे ओल्या कापडावर पडले की कोणाचं डोकं कुठे ते ओळखू येत नाही.

तुकडे अक्षावरचेच का? स्तंभाच्या कडेला थर उतरते असतात. उतारावर कण लोळतो, पाण्याबरोबर घसरतो, आणि त्याची नती बिघडते. मधे थर आडवे, तिथेच भरवसा.

तुकडा केवढा घ्यायचा यावर वाद घालावा असं माझं मत आहे. स्तंभ वर्षाला ५० मायक्रॉन वाढला असेल तर एका सेंटिमीटरमध्ये २०० वर्षं येतात. म्हणजे सेंटिमीटरचा तुकडा दोन शतकांची सरासरी सांगणार; त्या काळात क्षेत्र पटकन फिरून परत आलं असेल तर पत्ताच लागणार नाही. ५ मिलिमीटर घेतलं तर शतक, पण चुंबकत्वही निम्मं. आधी एक मोठा तुकडा मोजून बघा, आकडा यंत्राच्या आवाक्यात किती सहज येतो ते पाहा, मगच बाकीचे बारीक करा. उलटा क्रम केला तर दगड परत जोडता येत नाही.

कापून झालं की तुकडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवा, म्हणजे पात्यातून आलेला धातूचा कण वरच्या थरासकट निघून जाईल. मग शुद्ध पाण्याने धुवा, वाळवा आणि चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या डब्यात ठेवा. लोखंडी कपाटात नको.

चौथी पायरी: मोजणं

दख्खनच्या बेसॉल्टचं चुंबकत्व साध्या यंत्रालाही सहज कळतं. लवणस्तंभाचं त्याच्या हजारपट ते लाखपट क्षीण असतं. एक घन सेंटिमीटर तुकडा, त्याचं चुंबकत्व मीटरमागे १०⁻⁴ अँपिअर धरलं, तर चुंबकीय आघूर्ण, म्हणजे सगळ्या तुकड्याचं मिळून चुंबकत्व, १०⁻¹⁰ अँपिअर-वर्गमीटर. चांगल्या अतिसंवाहक मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा, स्वतःचा गोंगाट साधारण १०⁻¹² च्या आसपास. शंभरपट फरक, काम होईल. पण दगड खडीसाखरेसारखा शुभ्र असेल तर फरक दहापटीवर किंवा त्याहून खाली येतो, आणि मग ज्या कांडीवर आपण तुकडा ठेवतो तिच्यावरचा धुळीचा कणसुद्धा पृथ्वीच्या इतिहासाशी स्पर्धा करू लागतो.

म्हणून हा शिरस्ता ठेवा: कांडी अल्कोहोलने पुसा, रिकामी मोजा, तो आकडा वजा करा. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून मोजा. दर काही नमुन्यांनंतर कांडी पुन्हा रिकामी मोजा. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला तर पुढच्या आलेखातून काहीच कळणार नाही.

पाचवी पायरी: जुनं आणि नवं वेगळं करणं

दगड गुहेत पडून होता, मग तुमच्या पिशवीत, मग बसमध्ये. या सगळ्या काळात त्यातल्या मऊ, म्हणजे दिशा सहज बदलणाऱ्या, कणांनी आजच्या क्षेत्राची दिशा थोडीथोडी उचललेली असते. पाटीवर जुनं अक्षर आहे, त्यावर कुणीतरी खडू फिरवलाय. वरचा खडू पुसायचा, खालचं अक्षर न पुसता. याला विचुंबकन म्हणतात.

लवणस्तंभासाठी सहसा प्रत्यावर्ती क्षेत्राची पद्धत वापरतात. तुकड्याला मागेपुढे होणाऱ्या, हळूहळू शून्यावर येणाऱ्या क्षेत्रात ठेवायचं. त्या क्षेत्रापेक्षा मऊ असलेले कण विस्कटून एकमेकांना खोडून काढतात. ५, १०, १५, २० असं करत ८०-१०० मिलिटेस्लापर्यंत जायचं आणि प्रत्येक पायरीनंतर उरलेलं चुंबकत्व मोजायचं.

तापवून विचुंबकन करण्याचा मार्गही आहे: मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसला आपलं चुंबकत्व सोडतं, हेमॅटाइट हे दुसरं लोहखनिज त्याहून शंभरेक अंश वर. पण कॅल्साइटमध्ये पाण्याचे सूक्ष्म कप्पे अडकलेले असतात, तापल्यावर तुकडा तडकतो. आणि लोहाची खनिजं उष्णतेने एकाची दुसरी होतात. एकच अपवाद. गोएथाइटवर प्रत्यावर्ती क्षेत्राचा काही परिणाम होत नाही, पण ते साधारण १२० अंशांनाच हार मानतं. तेव्हा गोएथाइटची शंका असेल तर तुकडा एकदा १५० अंशांपर्यंत तापवून, शून्य क्षेत्रात थंड करून घ्या आणि मग पुढे चला.

आता वाचन. समजा, पहिल्या मोजणीत नती ५५ अंश आली. ५ मिलिटेस्लानंतर ४९, १०नंतर ४४, १५नंतर ४२. इथून ६०पर्यंत ती ४१-४२च्या आसपासच राहते, फक्त ताकद कमी होत जाते. पहिले दोन-तीन आकडे खडूचे, पुढचे अक्षराचे. हे आलेखावर काढायची पद्धत डच भूभौतिकशास्त्रज्ञ झायडरफेल्ड यांच्या नावाने ओळखली जाते: चुंबकत्वाचे घटक दोन प्रतलांवर टिपायचे आणि बिंदूंची रेषा सरळ आरंभबिंदूकडे जाते का ते पाहायचं. जात असेल तर त्या भागात एकच दिशा उरली आहे. रेषा किती सरळ आहे हे सांगणारा कोन संगणक काढून देतो. तो १० अंशांच्या आत असला तर मी निवांत, १५च्या पुढे गेला तर तो नमुना यादीतून बाद. रेषा आरंभबिंदूला चुकवून बाजूने जात असेल तर दुसरं कठीण खनिज शिल्लक आहे. ते झाकून ठेवण्यापेक्षा तसं लिहा.

सहावी पायरी: वय, आणि मळाचा सूड

चुंबकाची दिशा मिळाली, पण ती कोणत्या सालची?

युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या कॅल्साइटमध्ये युरेनियम येतं आणि थोरियम जवळपास शून्य. पुढे युरेनियम-२३४चा ऱ्हास होऊन थोरियम-२३० साठत जातं. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे २,४५,००० वर्षं, दुसऱ्याचं सुमारे ७५,६००. दोघांचं गुणोत्तर मोजलं की घड्याळ मिळालं. साधारण सहा लाख वर्षांपर्यंत ते चालतं, पुढे गुणोत्तर स्थिरावतं आणि युरेनियम-शिशाच्या पद्धतीकडे वळावं लागतं.

पण हे घड्याळ सुरुवातीला थोरियम शून्य होतं या गृहीतावर चालतं. आपण तर मुद्दाम मळका दगड निवडलाय. मातीच्या कणाबरोबर थोरियमही येतं आणि दगड आहे त्यापेक्षा म्हातारा दिसू लागतो. साक्षीदार म्हणून थोरियम-२३२ मोजतात. ते युरेनियमपासून बनत नाही, म्हणजे जेवढं सापडलं तेवढं मातीतूनच आलेलं. त्यावरून सोबत किती २३० आलं असेल याचा अंदाज करून वजाबाकी होते. मातीतल्या गुणोत्तराचा आकडाच अंदाजे, म्हणून मळ जितका जास्त तितकी वयातली अनिश्चितता जास्त.

उपाय एकच, आणि तो हाताने करायचा. वयाच्या फळीवर चुंबकीय पट्ट्याच्या लगेच वर आणि लगेच खाली स्वच्छ थर शोधा. डेंटिस्टच्या ड्रिलसारख्या बारीक ड्रिलने थराला समांतर जात १००-२०० मिलिग्रॅम पूड काढा. थर ओलांडू नका. वरचं वय, खालचं वय, मधला मळका पट्टा त्यांच्या कचाट्यात. दोन्ही फळ्यांचे थर एकमेकांशी जुळवून रेघा आधीच आखून ठेवा.

दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. एक, वाढ थांबली होती का? माथा कोरला गेल्यासारखा, धुळीची ठळक रेघ, वरखाली थरांची दिशा बदललेली, असं दिसलं तर तिथे हजारो वर्षं गायब असू शकतात. दोन, दगड आधी ॲरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं स्फटिकरूप) होता आणि नंतर कॅल्साइट झाला का? तसं असेल तर युरेनियम निसटलेलं असण्याची शक्यता दाट. असा दगड सोडा, कितीही सुंदर असला तरी.

सातवी पायरी: निकाल तपासणं

आधी आजच्या जवळचा भाग बघा. स्तंभ ठिबकत्या पाण्याखालचा असेल तर त्याच्या माथ्याजवळच्या थरांनी गेल्या काही शतकांचं क्षेत्र दाखवायला हवं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे: जहाजांच्या रोजनाम्यांतल्या दिक्पाताच्या नोंदींवरून १५९०पासूनचं जागतिक प्रारूप बनवलेलं आहे. पश्चिम भारताजवळच्या दगडासाठी कुलाबा-अलिबागची मालिकाही आहे. कुलाब्याला चुंबकीय वाचनं १८४१पासूनची. माथा जुळला नाही तर खालच्या हजार वर्षांवर बोलू नका.

मग नतीचा ढोबळ ताळा करा. पृथ्वीचं क्षेत्र अक्षाला धरून ठेवलेल्या दांडीचुंबकासारखं मानलं तर नतीचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. मॉम्लुह सुमारे २५¼ अंशांवर: टॅन ०.४७, दुप्पट ०.९४, म्हणजे नती ४३ अंश. पुणे १८½ अंशांवर, तिथे ३४. प्रत्यक्षात आज अलिबागला मोजलं तर नती अशा हिशोबापेक्षा बरीच कमी भरते, कारण खरं क्षेत्र इतकं सोज्वळ नाही. हजारो वर्षांच्या सरासरीत मात्र ते या आकड्याकडे येतं. सगळा स्तंभ सातत्याने १५ अंश कमी दाखवत असेल तर आधी स्वतःचे तुकडे उतारावरचे नव्हते ना ते पाहा.

त्याच गुहेतला दुसरा स्तंभ तेच सांगतो का? हा सर्वांत कठोर ताळा. खर्च दुप्पट होतो, पण एका दगडावर जगाला काही सांगू नये.

तीव्रतेचं काय? अवशिष्ट चुंबकत्व जास्त आलं म्हणजे क्षेत्र तीव्र होतं असं नाही, कदाचित त्या वर्षी माती जास्त आली. म्हणून प्रयोगशाळेत ठरावीक क्षेत्राने तुकड्याला नव्याने चुंबकत्व द्यायचं आणि मूळ आकड्याला त्याने भागायचं. त्यातून मिळते ती सापेक्ष तीव्रता. आणि तीही खनिज एकच, कणांचा आकार एकसारखा असेल तरच.

हे सगळं जुळलं की काय दिसतं

फ्रान्सच्या ओव्हर्न्य प्रांतात लाशां गावाजवळच्या लाव्हात १९६०च्या दशकात उलटी दिशा सापडली. क्षेत्र कायमचं उलटलं नव्हतं, भरकटून परत आलं होतं. त्याचं वय नेमकं किती यावर बरीच वर्षं चर्चा चालली. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या क्रेव्हिस गुहेतल्या दगडावर लास्कू, फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये युरेनियम-थोरियमच्या घड्याळाने उत्तर दिलं: घटना सुमारे ४२,२५० वर्षांपूर्वी सुरू झाली, ३९,७०० वर्षांपूर्वी संपली, मध्य ४१,१०० वर्षांवर, चूकभूल ३५० वर्षं. लाव्हाच्या एका प्रवाहातून अशी सुरुवात आणि असा शेवट मिळत नाही.

चीनच्या ग्वेइझोउ प्रांतातल्या सानशिंग गुहेतल्या स्तंभाने १,०७,००० ते ९१,००० वर्षांपूर्वीचा पट्टा दाखवला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात एक बदल असा निघाला, की सुमारे ९८,००० वर्षांपूर्वी दिशा जवळपास दीड शतकात उलटली. आकडा १४४ वर्षांचा, अनिश्चितता ५८ वर्षांची. तिसऱ्या पायरीतला तुकड्याच्या जाडीचा वाद आठवा. त्या मंडळींनी जाड तुकडे घेतले असते तर ही गोष्ट दिसलीच नसती.

ब्राझीलमधल्या पाउ दाल्यो गुहेचं कामही २०१८चं. गेल्या दीड हजार वर्षांत तिथे दोनदा, इ. स. ८६० ते ९६० आणि १४५० ते १७५० या काळांत, दिशा वर्षाला ०.१ अंशाहून वेगाने फिरली. दक्षिण अटलांटिकवर आज क्षेत्र कमकुवत आहे, उपग्रहांची उपकरणं तिथून जाताना बिघडतात. अशी अवस्था त्या भागात पूर्वीही येऊन गेली असावी असा या दगडाचा अर्थ लावला गेला.

घरी करून बघण्याजोगी तालीम

मॅग्नेटोमीटर घरी नसतो. पण मळ ओळखायला शिकता येतं. जुन्या स्पीकरमधला चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि पावसाळ्यानंतर ओढ्यातल्या कोरड्या वाळूवरून फिरवा. पिशवीला काळी दाढी फुटेल. बेसॉल्टच्या प्रदेशात तर मुबलक. पिशवी उलटी करून कण कागदावर पाडा: लवणस्तंभातले यांचेच धाकटे भाऊबंद, हजारो पटींनी बारीक.

मग शहाबादी फरशीची कपची घ्या. शहाबादी म्हणजे चुनखडकच. ती काचेच्या पेल्यात व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतील. दोनचार दिवस व्हिनेगर बदलत राहा. कपची झिजत जाईल आणि तळाशी राखाडी चिखल उरेल. तो चुना नव्हे, चुन्यात अडकलेली माती. पेल्याच्या बाहेरून चुंबक लावून हळूच वर सरकवा आणि चिखलातले किती कण सोबत चढतात ते भिंगातून बघा. कधी चारदोन, कधी एकही नाही. प्रयोगशाळेतही असंच करतात, फक्त आम्ल मोजून घेतात आणि भिंगाच्या जागी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असतो.

डब्यात काय ठेवायचं

काम संपल्यावर अर्धी फळी न कापता जपून ठेवा. हिऱ्याच्या स्फटिकावर चालणारे नवे चुंबकीय सूक्ष्मदर्शक थराथरातलं चुंबकत्व नकाशासारखं दाखवू लागलेत, त्यांना तुकडे नकोत, पॉलिश केलेली सपाट बाजू हवी. डबा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा. आत चिठ्ठी: गुहा, स्तंभाची जागा, तारीख, दिगंश, दिक्पाताची दुरुस्ती केलेली की नाही, आणि कोणत्या आम्लात किती सेकंद बुडवलंय. फळीवर 'वर' असा बाण दोन ठिकाणी, कारण एक कधीतरी पुसला जातोच.